मिशीवाला कैलास

प्रिय रेणुका,

फोनवर बोलायला गेले की मी रडायला लागते आणि तू घाबरतेस, म्हणून लिहिते आहे. परवा मळवलीच्या चौकात कैलासच्या पुतळ्याचं अनावरण झालं. मोबाइलवर दिसलंच असेल तुला. त्याच्या पलटणीतले दोघे सलामी द्यायला आले होते. मला वीरमाता म्हणून शाल-श्रीफळ दिलं. पुतळा समितीला मी वीरपत्नी म्हणून तुझं नाव आधीच सांगितलं होतं. ती आता दुसऱ्या घरची झाली, म्हणाले. कैलास सीमेवर शहीद झाल्यानंतर तुझं दुसरं लग्न मीच पुढे होऊन लावलं, हे त्यांना ठाऊक नाही असं थोडंच आहे? माझ्या शेजारची खुर्ची रिकामीच राहिली. मग कोणीतरी तिच्यावर हारांची टोपली ठेवली.

पडदा ओढला आणि मी चक्रावलेच गं. ही झुबकेदार मिशी. ज्याच्या ओठावर चार केस धड उगवत नव्हते आणि सुट्टीवर आला की तू ज्याला त्यावरून छळायचीस, त्याला. शिल्पकाराचा दोष नाही, त्याने फोटो बघून बरोबर घडवलं होतं. समितीतल्या आपल्या मारुतीभाऊंनीच ती बसवायला लावली. "मिशी न्हाई तो फौजी कसला, मावशी?" असं मलाच अभिमानाने सांगत होते. सगळे म्हणाले, हुबेहूब. मीही मान डोलावली. एवढ्या मायेने उभं केलंय, त्यांचं मन कसं मोडायचं?

आता भाज्याची लेणी बघायला येणारी पोरं त्याच्यासोबत फोटो काढतात. मी खाली मान घालून तिथून जाते. लोकांच्या बंगल्यांची झाडलोट, भाताचं खाचर, यात दिवस निघतो. हे गेल्यापासून संध्याकाळी घर खायला उठतं. टीव्ही लावते, बघायला नाही, नुसता आवाज हवा म्हणून.

खरं सांगू, मला भीती वाटते आहे. परवापासून डोळे मिटले की तो मिशीवालाच समोर येतो. माझा कैलास हसायचा कसा, तेच आठवेनासं झालंय. भिंतीवरच्या फोटोत तो हसत नाही. त्याला इतक्या जवळून पाहिलेलं तुझ्याशिवाय कोणी उरलं नाही. घरी विचारून एकदा ये. पुतळा बघायला येऊ नकोस. माझ्यासमोर बस आणि तो हसायचा कसा, ते मला सांग.

तुझीच,
अजून म्हणवत असेल तर, आई