मिरची आणि संध्याकाळची गोळी

मंगळ., ४ नोव्हें.
घरामागची पथारी, म्हणजे मिरची वाळवायचं मैदान, सुरू झाली. गच्चीवरून पाहिलं तर पार रस्त्यापर्यंत लाल मिरची वाळत पडलेली. बाहेरगावच्या लोकांना हे दृश्य फार सुंदर वाटतं. त्यांनी खुशाल फोटो काढावेत. माझ्या नाकाला विचारा.

छातीत सकाळपासून शिट्ट्या. शेवटी डॉ.कडे गेले. नवीन मुलगी आहे, हुशार. पण मला ‘आजी’ म्हणते! पस्तीस वर्षं पोस्टात काढली, काउंटरपलीकडून मॅडमच ऐकलं. असो. गोळी दिली, किटोटिफेन. रोज संध्याकाळी, जेवणानंतर. म्हणाली, “आजी, ही दमा आणि अ‍ॅलर्जी येऊ नये म्हणून आहे. धाप लागली तर ही गोळी काही कामाची नाही, तेव्हा पंपच. गुण यायला काही आठवडे लागतील. आणि मनाने बंद करायची नाही.” झोप येते म्हणून स्कूटी बंद. डायबेटिस आहे का, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत का, हे तिने दोनदा विचारलं. त्यांच्याबरोबर ही घेतली तर रक्तातल्या प्लेटलेट्स कमी होऊ शकतात म्हणे. नाही, म्हटलं. मला फक्त राग आहे.

गुरु., ६
झोप? झोप नव्हे, भूल! आठला गोळी, साडेआठला खुर्चीतच मान लटकलेली. बातम्याही कळल्या नाहीत. सकाळी डोकं कापसाने भरल्यासारखं. भाजीला रिक्षाने जावं लागलं. रिक्षावाला म्हणाला, “मावशी, गाडी विकी टाकी का?”

रवि., ९
आज चूक कोणाची, ते मला माहीत आहे. माझी नाही.

कमल दुपारी आली. शेजारीण, भिंतीला भिंत. पथारीवर देठं खुडायला जाते आणि संध्याकाळी परतताना माझ्याकडे चहाला थांबते. इतक्या वर्षांत हा नेम चुकलेला नाही. या गल्लीत तिच्याशिवाय माझ्याकडे कोणी बसत नाही. माझ्या जिभेमुळे, असं लोक म्हणतात.

तिलाही खोकला. म्हणाली, “ताई, तुन्ही ती गोयी माले दे ना एक. मिरची उनी का आम्ही बठ्या बाया एक पाकीट आनतस अन् वाटी लेतस.” खरं आहे. इथे गोळ्या वाटून घेतात, विरजण मागून न्यावं तशा. एकीला गुण आला की पाकीट सगळ्या ओळीत फिरतं. कोणाला काय आजार आहे, बघायचं नाही.

मी म्हटलं, “औषध म्हणजे विरजण नव्हे कमल, वाटी पुढे करायला.”

दारात आणखी दोघी उभ्या होत्या. फिसकन हसल्या. क. उठली. तिला शुगर आहे, ती त्या गोळ्या घेते, म्हणून नको म्हणत होते. ते वाक्य तोंडातच राहिलं. टोमणा मात्र आधी बाहेर. सिस्टर ॲग्नेस वर्गात म्हणायच्या, तुझी जीभ तुझ्या आधी शाळेत पोचते.

शुक्र., १४
क. आली नाही. काल नाही, परवा नाही. चहाचं आधण सवयीने दोघींचं ठेवते, मग ओतून देते. आता एकच कप मोजून पाणी घेते.

अभिजितचा सुरतहून फोन. “आई, इकडे ये. काय ठेवलंय तिथे त्या धुळीत?” घर ठेवलंय, म्हटलं. तू तीन खोल्यांत चार माणसं ठेवली आहेस, पाचवीला बाल्कनीत वाळत घालणार का? फोन ठेवल्यावर वाटलं, थोडा वेळ बोलायला हवं होतं. त्याने परत केला नाही.

गोळीने काडीचा फरक नाही. बंद करणार होते. डॉ.ना फोन केला, त्या म्हणाल्या, धीर धरा, आणि कधी थांबवायची झालीच तर मी सांगेन तशी हळूहळू कमी करायची. धीर! जेवण, गोळी, झोप. दिवसातली संध्याकाळच कोणी कापून नेली आहे.

बुध., १९
क. नळावर होती. मी “काय गं” म्हटलं. तिने हंडा उचलला आणि माझ्या अंगावरून गेली. डोळे सुजलेले, पेंगुळलेले. इतका राग कशाचा? एक गोळी नाकारली म्हणून?

मीही नाही बोलणार.

शुक्र., २१
मेडिकलमध्ये गेले. तो मुलगा म्हणतो, “मॅडम, तुमचं पाकीट तर तुमच्या शेजारच्या मावशी कधीच घेऊन गेल्या. रिकामं पाकीट दाखवलं, तुमच्यासाठीच सांगितलं.”

चिठ्ठी न पाहता देतोस? म्हटलं. तुला दुकान कोणी दिलं? सगळं दुकान ऐकत होतं. ऐकू दे.

रिकामं पाकीट मी दाराबाहेरच्या कचऱ्याच्या बादलीत टाकलं होतं. तिथूनच उचललं तिने.

मग रस्त्यातच पाय थांबले. क. ती गोळी घेते आहे. शुगरच्या गोळ्यांवर! त्यात तिची पद्धत मला माहीत आहे, एकाने झालं नाही की दोन. घरी गेले तर तिच्या दाराला कुलूप. संध्याकाळी तिला गाठायचं म्हणून जागी राहायचं ठरवलं. जेवले, गोळी घेतली. सकाळी जाग आली ती खुर्चीत.

शनि., २२
पथारीवर गेले. जाऊ नका म्हणून डॉ.नी बजावलं होतं. नाकातोंडाला ओढणी दोनदा गुंडाळली. बायका ओळीने बसलेल्या, पुढे मिरचीचे ढीग, सगळ्यांच्या नाकावर पदर. मला पाहून हात थांबले.

क. मान वर न करता म्हणाली, “आठे कसाले उनी तू?”

“गोळ्या घेतेस ना?” म्हटलं. “कोणाला विचारून?”

“तुले नही विचारं. तुले विचारीसन गोयी कसी मियस, ते देखं मी.”

“अगं, तुला शुगर आहे! म्हणून नको म्हटलं होतं!”

“मंग तवा सांगं का नही? बठ्या बायासना पुढे माले हलकी करी टाकी.” आणि मग हातातली मिरची ढिगात फेकून, “उनी व्हती ना मी! रातले जेवीसन तीनदाव दार ठोकं. दिवा चालू, टीव्ही चालू. तू उघडं नही. माले वाटनं, आते मन्हं तोंड बी नको ताईले.”

ती आली होती. तीनदा. मी खुर्चीत मान टाकून झोपले होते, हातभर अंतरावर.

सांगायला तोंड उघडलं आणि ढास लागली. मग धापच. पर्समध्ये पंप, हाताला सापडेना. क.नेच पर्स उपडी केली, पंप हातात दिला, पदराने वारा घालत ओरडत होती, “इतली शिकेल बाई अन् अक्कल नही! मरनं शे का तुले आठे?” मुकादम ओरडला, काम कोण करणार. त्याच्यावर मी ओरडणार होते, पण श्वास नव्हता. तिने ओरडून घेतलं.

दंडाला धरून घरी आणलं. पलंगावर बसवलं. मी झोपेचं सांगितलं. ती माझ्या शेजारी टेकली. मग म्हणाली, “हां. माले बी तशीच झोप येस. एक खादी तं काही नही, म्हनीसन दोन खादी. परवा ढिगावरच डोया लागना.” तिने दंड दाखवला. निळेकाळे डाग. कुठे आपटलीस? आठवत नाही म्हणाली.

सोम., २४
रिक्षाने दोघी डॉ.कडे. डॉ.ना ती ‘पोरी’ म्हणाली, डॉ. तिला ‘आजी’. दोघींना काही वाटलं नाही. डॉ.नी डाग पाहिले, चेहरा बदलला. गोळी लगेच बंद, तुमच्या मनाने पुन्हा काहीही घ्यायचं नाही. रक्त घेतलं. रिपोर्ट उद्या. पडलात, हिरड्यांतून रक्त आलं, तर रिपोर्टची वाट न बघता या, म्हणाल्या. क. रिक्षात खिडकीकडे तोंड करून बसली. मला गप्प बसता येतं, हे मलाही नवीन.

दारापाशी विचारलं, संध्याकाळी येशील ना?

“येसू. नही येसू. आते काय सांगू?”

मेडिकलच्या मुलावर, मुकादमावर, तिच्यावर, सगळ्यांवर अजून राग आहे. उद्या सकाळी रिपोर्ट आणायला मीच जाणार, तिच्या हातात द्यायच्या आधी वाचणार.

जेवले. गोळी घेतली, चुकवायची नाही असं त्या मुलीला कबूल केलं आहे. डोळे जड होत आहेत. खुर्ची दाराजवळ ओढली आहे. आज कडी लावली नाही, दार नुसतं लोटून ठेवलं आहे. मांजर आलं तर येऊ दे. तिने ठोकलं आणि मी उठले नाही, तर तिने आत यावं आणि मला हलवावं, हे दुपारी सांगायचं रा