मयताच्या पेट्यांच्या दुकानातला नवा फोन

मालवण, मंगळवार

तीर्थरूप सोकोरोदादा यांस,
धाकट्या सांतानचा नमस्कार. म्हापशात तुझे गुडघे कसे आहेत? वहिनीचा दमा? इकडे देवाच्या दयेने सगळे उभे आहेत. आपल्या धंद्यात एवढंच विचारावं.

पत्राचं कारण असं की रविवारी माझा जेरी तुझ्याकडे एक फॉर्म घेऊन येईल. दुकानातला तारेचा फोन बंद करून इंटरनेटवरचा घ्यायचा आहे आणि जुना फोन अजून तुझ्याच नावावर आहे. (म्हापशाला जाताना तू सगळं माझ्या नावावर केलंस, फोन तेवढा राहिला.) तू सही केलीस की तो कायमचा गेला. मला जेरीची तक्रार करायची नाही. फक्त काय झालं ते सांगतो.

गेले पंधरा दिवस जुन्यावर येणारा फोन नव्याकडे वळवला आहे. नंबर तोच राहणार, जेरी कुडाळला असला तरी मोबाईलवर उचलणार, वगैरे. वीज गेली की मात्र फोनही जातो. तारेतून आवाज येतो हे मला कळत होतं. यात म्हणे बोलण्याचे तुकडे होतात आणि इकडे येऊन जुळतात. मी सुतार माणूस. विचारलं, रडण्याचे तुकडेही नीट जुळतात काय? जेरी म्हणाला, "पपा, तू वायच गप रव."

फोन आला की आधी सूनबाई रिशेलचा आवाज लागतो. हसऱ्या आवाजात म्हणते, आल्मेडा शवपेटी केंद्रात आपलं हार्दिक स्वागत आहे, मोठ्या मापासाठी एक दाबा, लहान मापासाठी दोन. दहा सेकंदांत काही दाबलं नाही तर धन्यवाद, पुन्हा फोन करा, आणि फोन बंद.

दादा, आपल्याला फोन करणारा माणूस आधी बोलतो काय? चाळीस वर्षं मी रिसीव्हर कानाला लावून "सांग, आयकतंय" एवढंच म्हणत आलो आणि गप्प राहिलो. समोरचा रडतो. कधी पाच मिनिटं. मग त्याचा तोच नाव सांगतो. माप विचारावं लागत नाही, चर्चमध्ये बघून मला सगळ्यांचं माहीत आहे. (तुझंही आहे, पण ते राहू दे.)

परवा मिठबावचा विल्सन आईच्या पेटीसाठी रिक्षा करून स्वतः आला. तीनदा फोन केला होता, तिन्ही वेळा तोडला गेला. दारातच म्हणाला, "सांतान, तुजो फोन माका सांगता, पुन्हा फोन करा. पुन्हा कित्याक करू रे? आवय माका एकच होती."

त्यानंतर मला जेवण गेलेलं नाही. तरी तुला योग्य वाटेल ते कर, मी मध्ये पडत नाही.

तुझा,
सांतान

ता. क. फॉर्मवर सही दोन ठिकाणी आहे. एका ठिकाणी केलीस आणि दुसरी विसरलास, तर तुझ्या वयाकडे बघून कोणी काही म्हणणार नाही.

ता. क. (गुरुवार) पत्र टाकायचं राहिलं. विल्सनचं बोलणं जेरीच्याही मनाला लागलं. आज त्याने रिशेलचा आवाज काढून माझा घातला. आता यंत्र "सांग, आयकतंय" म्हणतं आणि वाट बघतं, कितीही वेळ. रिशेलने सतरा वेळा बोलायला लावलं. म्हणते, तुम्ही रागावल्यासारखे वाटता.

ता. क. (शुक्रवार) सही दोन्ही ठिकाणी कर. काल दुपारी दुकानात कोणी नसताना नीट चालतं काय बघायला मी मोबाईलवरून फोन लावला. "सांग, आयकतंय" झालं आणि पुढे सगळं शांत. तुला माहीत आहे, जेरीची आई, माझी कार्मेलिन, गेली तेव्हा मी कोणाला फोन केला नव्हता. दुकान माझंच, मापही मलाच ठाऊक. सरळ रंधा घेऊन बसलो होतो. काल मात्र मी बराच वेळ बोललो. आता कळतं की यंत्रात सगळं साठून राहतं आणि जेरी दर शनिवारी ते ऐकतो. तुझा शब्द तो मोडत नाही. पत्र टपालात न टाकता आजच म्हापशाच्या एसटीच्या कंडक्टरकडे देतो; मिळताच त्याला फोन करून सांग, गुरुवार दुपारचा बावीस मिनिटांचा एक फोन आहे, तो न ऐकता पुसून टाक. कोणाचा ते सांगू नको.