तारवाला हमीद

२ ऑगस्ट १९४२, रविवार
छावणीच्या मैदानावर सेमीफायनल. गोरे बुटांत, आम्ही अनवाणी. चिखल झाला की बूट घसरतात, आमचे तळवे घसरत नाहीत. शेवटी शेवटी डाव्या पायाने असा हाणला की त्यांचा गोली नुसता बघत राहिला. जिंकलो. फायनल सोळाला.
मुंबईच्या एका गिरणीचा माणूस बघायला आलेला. त्यांची टीम आहे. खात्यात नोकरी देतात, पावसाळाभर खेळायचं. म्हणाला, फायनल होऊ दे, मग चल माझ्याबरोबर. क्लब चालवणारे आमचे नाना त्याला चहा पाजून माझा डावा पाय असा दाखवत होते, जसा काही बाजारात बैल उभा केलाय.
विठूने गोलात जीव काढला. तो नसता तर माझा गोल कुठल्या कामाचा? हे त्याला सांगितलं नाही. माळीवाड्यात आधीच शेफारून फिरतो.

३ ऑगस्ट
अब्बांना मुंबईचं सांगितलं. ते मागावर विणत होते, हातातला धोटा थांबला नाही. म्हणाले, "पाय मागावर मारायचा तो मैदानात मारतोस. त्याचे पैसे देणारा वेडा भेटला तर जा, बेटा." हा होकार. आमच्याकडे लाड असेच होतात.
आज मीही माग ओढला. लक्ष नव्हतं, तीनदा सूत तुटलं.

१० ऑगस्ट
मुंबईला पुढारी धरले. इथे नगरच्या किल्ल्यात कोणी बडे लोक आणून ठेवलेत म्हणतात. त्या रस्त्याला पहारा, दुकानं बंद, शाळेची पोरं घोषणा देत फिरतायत. नाना माळावर उभे: "राज जाऊ दे न्हाईतर ऱ्हाऊ दे, सराव बुडवायचा न्हाई."
विठू आला, पण गप्प. जाताना आकडी मागून नेली. घराच्या कौलावर बॉल अडकलाय म्हणाला. लांब बांबू, टोकाला विळा. आमच्या क्लबची इस्टेट म्हणजे ती आकडी आणि गोलाचे बांबू. गोल माळावर ठेवले तर लोक चुलीत घालतील, म्हणून रोज उपटून आमच्या मागाच्या खोलीत आणायचे. तेवढी लांब खोली दुसऱ्या कुणाकडे नाही, म्हणून हे हमालीचं काम माझं.

११ ऑगस्ट, दुपार
विठू आकडी देऊन गेला. विळा वाकलेला. "कौलं लोखंडाची आहेत का रे?" म्हटलं. हसला नाही. संध्याकाळी येत नाही म्हणाला, अंगात कणकण आहे.
फायनल पाच दिवसांवर आणि याला कणकण.

सप्टेंबर. तारीख विचारायला लाज वाटते
जेल. बराकीत एक सत्याग्रही गुरुजी आहेत, त्यांनी कागद आणि पेन्सिलीचा तुकडा दिला. लिहून टाकतो, नाहीतर डोक्यात कुजेल.
विठू आला नाही त्या संध्याकाळी सराव आटोपून बांबू आणि आकडी खांद्यावर घेऊन येत होतो. रस्त्याच्या कडेने तारखात्याच्या तारा लोळत होत्या. आदल्या रात्री तोडलेल्या. मला कुठलं ठाऊक? पोलिसांनी बांबू बघितले, ते बांधायचा दोर बघितला, वाकलेला विळा बघितला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही मलाच धरलं असतं.
चौकीत सांगितलं, हे गोल आहेत. जमादार म्हणाला, "गोल? जाळी कुठाय?" जाळी घ्यायला आमच्या क्लबला कधी जमलं नाही. हे सांगितलं तर सगळे हसले.
मग त्याने विचारलं, "बॉल खेळतोस न्हवं? कोन्त्या पायानं?"
उजवा, म्हणालो.
इतक्या झटकन सुचलं की माझं मलाच कौतुक वाटलं. मग त्यांनी उजवा धरला. तळव्यावर काठी, घोट्यावर बंदुकीचा दस्ता. मी ओरडत होतो आणि आतून म्हणत होतो, मारा, तो तुम्हाला दिला.
आकडी आदल्या रात्री कोणाकडे होती, हेच त्यांना हवं होतं. नाव सांग आणि घरी जा. मी नाही सांगितलं.

दोन दिवसांनी
गुरुजी म्हणाले, "हमीद, देशासाठी तोंड मिटून राहिलास." मान खाली घातली. त्यांना वाटलं विनय.
खरं इथे लिहितो. रविवारी फायनल होती. विठूला धरलं असतं तर गोलात कोण? दुसरा गोली नाहीच आमच्याकडे. रविवारपर्यंत दम धरू, टीम जिंकू दे, मग बघू, असा माझा विचार. देश वगैरे त्या खोलीत आठवला नाही.
सोमवारी शिपायाला विचारलं, मॅच कोणी जिंकली? म्हणाला, कसली मॅच, पलटणी बंदोबस्ताला गेल्या, समदं रद्द.
हसायला आलं. शिपायाला वाटलं, डोकं फिरलं याचं. पण त्यानंतर नाव घेणं जमेना. मार खाऊन झाला होता. आता विठूला आणून उभं करायचं, तर माझा पाय कशासाठी गेला?

१९४३, उन्हाळा
दोन वर्षं सक्तमजुरी झाली त्याला बरेच दिवस झाले. जेलचा साहेब फेरीवर आला की विचारतो, सुटायचं तर चुकलो असं लिहून देतोस का. जे केलं नाही त्याबद्दल चुकलो कसं लिहू? आणि केलं नाही म्हटलं तर पुन्हा तोच प्रश्न: मग कोणी? म्हणून गप्प. बराक टाळ्या वाजवते. मला सगळे 'तारवाला' म्हणतात. पाटा-वरवंट्याला टाकी लावणाऱ्याला आपण टाकीवाला म्हणतो, तसं.
उजवा घोटा सुजतो, उतरतो, परत सुजतो. डावा ठणठणीत आहे. रोज दाबून बघतो.

जुलै
नाना भेटीला आले. नेहमी जोरात बोलणारा माणूस जाळीपलीकडून कुजबुजत होता. गिरणीचा माणूस परत आला होता. विठूला घेऊन गेला.
"त्यानं लई रडून घेतलं, जायच्या दिवशी. म्हनला, हमीदची जागा हाय ती. म्या म्हनलं, जागा रिकामी ऱ्हाती का? जा."
मी म्हटलं, बरं केलंत. नाना गेल्यावर जेवलो नाही.

सप्टेंबर १९४४
सुटलो. नगर स्टेशनवर हार घेऊन लोक. ज्यांची तोंडं कधी बघितली नाहीत ते गळ्यात पडत होते. अब्बा मागे उभे. जवळ आले आणि आधी माझ्या पायाकडे बघितलं. ते एकटेच.
पोलिसांनी चौकीवरून कळवलं: छावणीच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही. मैदान छावणीतच आहे. म्हटलं, हरकत नाही, आमचा माळ आहे.

ऑक्टोबर
माळावर गेलो. नानांनी बॉल टाकला. डावा उचलला, मारायला.
पडलो.
पुन्हा टाकला. पुन्हा पडलो. तिसऱ्यांदा नाना म्हणाले, "बस कर." मी नाही ऐकलं. चौथ्यांदा तोंडावर आपटलो.
इतकी वर्षं खेळलो आणि ही साधी गोष्ट कधी मनात आली नाही. बॉल डावा मारतो, पण त्या वेळी अख्खं अंग उजव्यावर असतं. घोटा ते पेलत नाही. आधार द्यायला पाय नाही आणि मी दोन वर्षं नुसता मारायचा पाय दाबून खूश होत होतो. जमादाराला फसवलं म्हणे! डावा म्हणालो असतो तर निदान उजव्यावर उभा राहून दुखऱ्या डाव्याने थोडंफार मारलं असतं.
नानांनी बॉल काखेत घेतला. "हाड जुळंल," म्हणाले. माझ्याकडे बघून नाही म्हणाले.

मार्च १९४६
छावणीची बंदी उठली. मैदानावर जाऊन आलो. क्लबच्या नव्या पोरांचा सामना होता. बॉलमध्ये हवा भरली, लिंबं कापून दिली. कोणीतरी गोऱ्या सार्जंटला सांगितलं, हा पूर्वी खेळायचा. तो हसून इंग्रजीत काहीतरी म्हणाला. चांगलंच असेल.
विठूची टीम मुंबईत जोरात आहे, तो कॅप्टन झालाय. पेपरात नाव वाचलं. आनंद झाला. आणि जळलोही. दोन्ही खरं.
माग मला चालवता येत नाही. उजव्या पायाने पावडी दाबली की कळ मस्तकात जाते. सूत उकलून देतो, बायकांचं काम. अब्बा पुढची लडी पुढ्यात टाकतात.

ऑक्टोबर १९४७
दिवस वाईट. स्वातंत्र्य आलं तेव्हा आमच्या पेठेतल्या लोकांनी मला खांद्यावर घेऊन मिरवलं, त्याला जेमतेम दोन महिने झाले. आता पंजाबच्या बातम्या, इकडे हैदराबादच्या हद्दीवरच्या. शेजारचं एक घर बिऱ्हाड आवरून नातलगांकडे गेलं.
आज अब्बा सूत घेऊन येत होते. चौकात चारपाच जणांनी अडवलं. "चाचा, तुमी कवा जानार पाकिस्तानला?" एकाने गठडी ओढली. तेवढ्यात पानवाला ओरडला, "आरं सोडा त्यास्नी! तारवाल्याचा बाप हाय त्यो. आपला मानूस हाय."
सोडलं. एकाने गठडी उचलून घरापर्यंत आणून दिली. अब्बा तेव्हापासून चौकात ताठ चालतात. सांगतानाही तीनदा सांगितलं: तारवाल्याचा बाप.


१३ डिसेंबर १९४७
उद्या शाळेच्या पटांगणात तुरुंगात गेलेल्यांचा सत्कार आहे. माझं नाव आहे. पाहुणा म्हणून मुंबईहून विठूला बोलावलंय, गावचा नामांकित खेळाडू.
विठू संध्याकाळी थेट घरी आला. अंगाने भरलाय. माझ्या घोट्याकडे बघितलं आणि दारातच बसला. "तार म्या तोडली हमीद."
"ठाऊक आहे."
"मग बोलला का न्हाईस?"
फायनलचं कारण सांगितलं. आधी हसला, मग दोन्ही हातांत तोंड घालून रडला. एवढा मोठा गडी. मलाही भरून आलं. पाच वर्षं या माणसावर रागवायचं म्हणत होतो आणि पाठीवर हात फिरवत बसलो.
मग म्हणाला, "उद्या समद्यांसमोर सांगतो. तुजी शिक्षा माजी हुती. हार माज्या गळ्यात नको, तुज्या पाया पडतो."
त्याचं मन साफ आहे. तेच तर. तो हे सांगेल, लोक त्यालाच हार घालतील. खेळणारे पायही त्याचे, तारही त्याची. आणि मी कोण? बांबू वाहून नेणारा. पेठेतला एक मुसलमान विणकर, त्यालाही धड विणता येत नाही. आणि चौकात पानवाला कोणाचं नाव घेणार?
हे तोंडाने त्याला सांगता येईना. नको म्हटलं तर खोट्या हारासाठी उद्या मान पुढे करायची. हो म्हटलं तर अब्बा.
म्हटलं, जरा थांब. आत येऊन हे लिहितोय. तो ओट्यावर बसलाय, हो किंवा नको ऐकल्याशिवाय उठत नाही म्हणतो.
अब्बा त्याच्यासाठी चहा घेऊन गेलेत. भिंतीपलीकडून ऐकू येतंय. सांगतायत, माझ्या हमीदने एकट्याने कशा तारा ओढल्या, पोलिसांना दाद दिली नाही. "तू तर दोस्त त्याचा, तुला माहीतच आहे."
विठूने कप ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "व्हय, चाचा."
अब्बांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंय.