पाडव्यापर्यंतची मुदत

बॉथेल,
५ ऑक्टोबर २०२५

ती. सुलभाआत्यास,
सा. न. वि. वि.

गणपतीची आरती संपल्यावर बाबांच्या मित्राने, सत्यजितकाकांनी, सगळ्या मंडळींसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की हा अंकुर आमचा घरचाच मुलगा आहे, त्या क्षणी माझं सगळं बदललं. समोर त्यांची मुलगी आन्या खिरापतीची वाटी घेऊन उभी होती आणि ती हसली. तोंडदेखलं नाही, खरंखुरं. तू नाक मुरडशील, पण त्या हसण्यानंतर मला त्या घरात पैसे मागता येईनात.

पहिल्यापासून सांगतो. मी तिसऱ्या वर्षात कॉलेज सोडलं आणि बाबांनी बोलणं टाकलं, तेव्हा पहिलं मोठं काम मला काकांनीच दिलं. त्यांचं बेसमेंट. दोन खोल्या, बाथरूम, नवा जिना. बांधकामाचं लायसन्स माझ्या नावावर आहे. कायद्याने सुरुवातीला घरमालकाला एक सूचनापत्र द्यावं लागतं, तेही दिलं. आपल्यात हे कशाला, म्हणत त्यांनी हसत सही केली. चोवीस जुलैला शहराच्या इन्स्पेक्टरने काम तपासून पास केलं आणि मी हत्यारं व्हॅनमध्ये टाकली. बिलाचा शेवटचा हप्ता, सगळ्यात मोठा, अजून बाकी आहे. आधी बोनस यायचा होता, मग गणपती आले, आता दिवाळीनंतर बघू म्हणतात. लाकडाच्या दुकानाचं बिल माझ्या क्रेडिट कार्डावर बसलंय. हे पैसे बुडाले तर धंदा बंद, आणि मी खाली मान घालून परत कॉलेजात.

पण तू काळजी करू नकोस, मी काही बावळट नाही. आमच्या वॉशिंग्टन राज्यात काम संपल्यापासून नव्वद दिवसांत लिएन लावता येतं, म्हणजे पैसे मिळेपर्यंत त्या घराच्या कागदांवर माझ्या हक्काची नोंद राहते. काका मला दर रविवारी जेवायला बोलावतात आणि दरवेळी काहीतरी ढिलं झालेलं असतं. आजच जिन्याचा कठडा घट्ट केला. म्हणजे माझे दिवस आजपासून नव्याने सुरू. नवीन वर्षापर्यंत निवांत. शिवाय आन्या भेटते ते वेगळंच. ती बेलव्ह्यूला फिजिओथेरपिस्ट आहे, माझी पाठ बघून म्हणाली की मी चुकीचं वाकतो. यार आत्या, इतक्या प्रेमाने मला कोणी चूक दाखवलेली नाही.

तुला पोस्टाचंच पत्र आवडतं हे माहीत आहे, तरी फोटो काढून पाठवतोय. लोभ असू दे, आणि बाबांना यातलं काही सांगू नकोस.

तुझा,
अंकुर


हर्नडन,
७ ऑक्टोबर

चि. अंकुर यास,
अनेक आशीर्वाद.

पत्राचा फोटो मिळाला. लहानपणी तुझ्याकडून पत्रं लिहून घेतली ती अगदीच वाया गेली नाहीत, फक्त अक्षर अजून पळत सुटल्यासारखं आहे.

आधी कामाचं बोलते. कठडा घट्ट केल्याने मुदत पुढे जात नाही, वेड्या. मी इथे प्लंबिंग कंपनीचे हिशेब बघते. आमचे मालक असेच एका घरी वरचेवर जाऊन गळका नळ आवळून यायचे आणि दिवस नव्याने मोजायचे. जजने फार वेळ न घेता घरी पाठवलं. आमच्या राज्याचे नियम वेगळे, तुमच्याकडचे वेगळे, तेव्हा उद्याच्या उद्या तिकडच्या वकिलाकडे जा आणि समोर बसून विचार. पण खरं काम जुलैत संपलं असेल, तर मी कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलंय. तुझी मुदत बावीस ऑक्टोबरला संपते. त्या दिवशी पाडवा आहे. आता दिवाळीनंतर म्हणजे नेमकं कधी, ते तूच बघ. त्यांना हे ठाऊक असेल असं मी म्हणत नाही. नसेल असंही म्हणत नाही.

दुसरं आन्याचं. मुलगी चांगलीच असेल. पण जेवायला बोलावलेल्या मुलाच्या हातात ताटाआधी पाना देतात, तिथे तुझी गणती नक्की कशात होते याचा जरा विचार कर. आणि तिला तू काही विचारलंयस का, की वाटीभर खिरापतीवर संसार थाटून बसलायस?

अनिलदादाला मी काही सांगणार नाही. तो मात्र दर दोन दिवसांनी फोन करून तुझी चौकशी करतो आणि तुला कळू देऊ नकोस म्हणतो. तुम्ही दोघं मिळून मला एक दिवस वेड लावणार.

मायेत कमतरता नाही. तेवढं डोकं थंड ठेव.

तुझी,
आत्या


बेलव्ह्यू,
१५ ऑक्टोबर

चि. अंकुर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी ईमेल वाचली. तुझ्या वीणाकाकूला वाचून दाखवली, तिला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पाडव्याच्या आत पैसे द्या नाहीतर लिएन लावतो, ही भाषा तू आमच्याशी करावीस? अनिलचा मुलगा म्हणून, कॉलेज सोडलेल्या पोराला कोणी विचारत नव्हतं तेव्हा आम्ही घर उघडून दिलं. मी उपकार काढत नाही, फक्त आठवण देतो.

घरकर्जाचं रिफायनान्सिंग, नवं कर्ज घेऊन जुनं फेडायचं, चालू आहे. या महिनाअखेरीला बँकेच्या सह्या आहेत. अशा वेळी कागदांवर कोणाची नोंद आली तर सगळं अडेल, एवढं तुला कळत असेलच. सह्या झाल्या की तुझा चेक तयार. शिवाय तुझं काम तरी कुठे संपलंय? कठडा पुन्हा हलतोय. रविवारी येऊन बघून जा, म्हणजे तुझे दिवसही पुढे जातील आणि तुझीही काळजी मिटेल. जेवायलाच ये. वीणा अनारसे करणार आहे.

सोमवारी लक्ष्मीपूजनाला तर यायचंच आहे. राग मनात ठेवू नकोस, आमचा तर मुळीच नाही.

तुझा,
सत्यजितकाका


बेलव्ह्यू,
२० ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काकांच्या घरासमोर व्हॅन लावून लिहितोय. गुडघ्यावर कागद आहे, म्हणून अक्षराला आज नावं ठेवू नकोस.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात वकीलबाईंना भेटलो. तू म्हणालीस तेच त्या म्हणाल्या. इन्स्पेक्टरने पास केलं तिथे काम संपलं, नंतरची डागडुजी धरत नाहीत. काकांचं पत्र आल्यावर पुन्हा जाऊन ते मी त्यांना इंग्लिशमध्ये सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या की जो पुढचे दिवस मोजायला सांगतो त्याला कायदा माझ्यापेक्षा जास्त कळतो.

रविवारी मी गेलो नाही. आन्याचा फोन आला होता. तिचं म्हणणं, तिच्या डॅडना चेक लिहायला नेहमीच उशीर होतो, ते चोर नाहीत, आठवडाभर थांबलास तर काय बिघडेल. मी सांगितलं की आठवडाभर थांबलो तर माझा हक्कच उरणार नाही, मग नुसती त्यांची मर्जी. मग ती म्हणाली की करायचंच असेल तर त्यांच्या पाठीमागे करू नकोस. मला ते पटलं. घाबरलो पण पटलं.

आज सकाळी शपथेवर सही केली आणि काउंटीच्या नोंदणी कचेरीत, रेकॉर्डरकडे, लिएनची नोंद झाली. काकांची प्रत रजिस्टर्ड पोस्टाने निघाली आहे. आठ महिन्यांत पैसे आले नाहीत तर दावा लावायचा, तोही लावीन. पैसे आले तर त्याच दिवशी नोंद काढून टाकीन. हे सगळं आता आत जाऊन तोंडावर सांगणार आहे. तू म्हणशील सणाच्या दिवशी कशाला. सणाची तारीख मी निवडलेली नाही, दिवाळीनंतरची गोष्ट त्यांनी काढली.

दारात रांगोळी आहे, ती आन्याने काढलीय, एक पाकळी मोठी झालीय. आत्या, मला ती मुलगी फार आवडते. ते तसंच राहील, पण जे काम मी वाकून केलं त्याचे पैसेही सोडणार नाही. दोन्हीतलं एक निवड असं मला कोणी सांगायचं नाही, तूसुद्धा नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
अंकुर

ता. क. आत जाऊन आलो. तेही इथेच लिहून टाकतो.

पूजा झाली होती, फराळ चालू होता. मी काकांना बाजूला बोलावलं, तर ते म्हणाले की इथेच बोल, घरच्यांपासून काय लपवायचं. मग तिथेच बोललो. नोंद झाली आहे, प्रत पोस्टात आहे. वीणाकाकूंच्या हातातला चमचा डब्यातच राहिला. पाहुण्यांनी चकलीकडे लक्ष असल्याचं दाखवलं.

काका चिडले नाहीत, आत्या. तेच वाईट झालं. ते हसले, मला सोफ्यावर बसवलं आणि आन्याकडे बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की अरे, आम्हाला काय दिसत नाही का, उद्या हे सगळं तुमचंच व्हायचंय, मग आपल्याच घरावर कसला हक्क लावतोस, उद्या जाऊन तेवढी नोंद काढून टाक. गणपतीपासून हेच त्यांच्या तोंडून ऐकायची स्वप्नं बघितली होती मी. ते आलं ते असं, बिलातली सूट म्हणून. एक क्षण, खोटं सांगत नाही, मला हो म्हणावंसं वाटलं.

आन्याचा चेहरा पांढरा पडला होता. इंग्लिशमध्ये तिने वडिलांना विचारलं की त्यांनी आत्ता तिला पेमेंटमध्ये धरलं का.

मी उभा राहिलो. काकांना सांगितलं की बेसमेंटचं बोलणं तुमच्याशी, ते चेकने संपेल. आन्याचं मी आन्याला विचारीन, तुम्हाला नाही, आणि तिला विचारायला कोणत्याही कायद्याने मुदत घातलेली नाही. ती नाही म्हणाली तरी तुमचं बिल कमी होणार नाही आणि हो म्हणाली तरी नाही. काका पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाले की या घरात परत पाऊल ठेवू नकोस.

काकूंना वाकून नमस्कार केला. आन्याकडे बघितलं, ती माझ्याकडेच बघत होती, हसत नव्हती, पण तिने नजरही वळवली नाही. मग बूट घातले, नाडी नीट बांधली, बाहेर आलो आणि दार माझ्या हाताने लावून घेतलं.