आधी त्यांना, मग मला

प्रिय विलास,

मामाआजोबा झालास रे! इराला मुलगी झाली, आणि तीही दवाखान्यात नाही, इथे न्युरेम्बर्गच्या घरी, सोफा आणि कुंडीच्या मधल्या जागेत! दोघी खुशाल आहेत. माझेच पाय अजून जमिनीवर नाहीत.

सांगते, पण हसू नकोस. तारीख लांब होती, म्हणून जावई कपिल ऑफिसला गेलेला. मी डिंकाचे लाडू वळत होते. इरानं हाक मारली, जाऊन बघते तर वेळ आलेलीच! आणि तुझ्या शहाण्या ताईनं काय करावं? तुपाच्या हातानं फोन उचलला आणि लावला तुला. अमेरिकेत, गाढ झोपलेल्या तुला! तू उचलेनास, तर नाशिकच्या सुनेत्रावहिनींना लावायला निघाले. शेवटी इरानंच फोन हिसकावून ११२ लावला.

मग नोटरूफच्या, म्हणजे त्या ११२ वरच्या, बाई जर्मनमध्ये सांगतायत आणि इरा कळा देता देता मला मराठीत, की आई, टॉवेल आण, डोकं सांभाळ, ओढू नकोस. मी आपली फोनकडे बघून जर्मनमध्ये ‘या, या, गेनाऊ’, म्हणजे हो, हो, बरोबर! पण त्या बाईंचा आवाज एकदाही चढला नाही. अँब्युलन्स आली तेव्हा नात रडत होती आणि मीही.

नंतर कपिलला विचारलं, त्या बाईंचं बिल कधी येणार? तो हसतच सुटला. म्हणे, आई, हा फोन फुकट असतो, सगळ्यांच्या करातून आणि विम्यातून चालतं हे. मला तूच आठवलास. फोनच्या बिलातल्या नाइन-वन-वनच्या करावर तुझी कायमची कटकट, की जन्मात तो नंबर लावला नाही, मग पैसे कशाला? अरे, इथे कितीतरी जणांनी न लावताच भरले, ते माझ्या नातीच्या कामी आले.

आणि तू तो नंबर लावतच नाहीस ना, त्यासाठीच हे पत्र. गेल्या महिन्यात बाथरूममध्ये पडलास, उठता येईना, आणि हातातल्या फोनवरून लावलास कुणाला, तर मला, जर्मनीत! त्या लोकांना कशाला त्रास, म्हणालास. शेजारी येईपर्यंत मी इथे नुसती रडत होते. तेव्हापासून तुझा फोन आला की आधी ‘पडला नाहीस ना?’ हेच विचारते. चांगली खरडपट्टी काढणार होते तुझी, पण मीही तेच केलं, आता कुठल्या तोंडानं रागावू? विनवते, विलास. बारशाला ये. आणि पुन्हा काही झालं तर आधी त्यांना लाव, हक्कानं लाव, कर भरतोस ना! मग मला लाव. मी उचलतेच.

तुझीच, आजी झालेली,
ऊर्मिलाताई