बारा दिवसांचा ताप

प्रिय अक्का,

आज दुपारी ग्रंथालयात नव्या पुस्तकांवर शिक्के मारत बसले होते, तेव्हा लातूरहून फोन आला. तुझ्या कॅन्सरच्या दवाखान्यातल्या सिस्टरचा. तिथं दुसरा नंबर म्हणून माझा दिला होतास ना? "ताईंचा पोर्ट धुवायचा लई दिवसांपासून राहिलाय. कधी आणताय?" मी म्हणाले, "आणते पुढच्या आठवड्यात." तुला जाऊन दोन महिने झाले आणि मला एवढंही सांगता आलं नाही. फोन ठेवला नि अर्धी रजा टाकून घरी आले. तुझ्याशिवाय हे कुणाशी बोलू?

केमोनं तुझ्या हाताच्या शिरा काळ्या पडल्या, तेव्हा औषध थेट छातीतल्या मोठ्या शिरेत सोडायला तो पोर्ट बसवला होता. गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत. तू माझं बोट धरून त्यावर ठेवलंस. "बघ सुमे, आतून बटण शिवल्यावानी लागतंय."

उपचार संपले. चाकूरच्या शाळेत तू पुन्हा गणित शिकवायला लागलीस. पोर्ट मात्र दोन वर्षं तसाच ठेवायचा ठरला, आजार उलटला तर हाताशी असावा म्हणून. तोवर दर महिन्याला जाऊन सुईनं औषधाचं पाणी सोडून तो धुऊन घ्यायचा. नाहीतर आतली नळी बंद पडते, असं सिस्टरनं बजावलं होतं. पहिल्या सोमवारी तू चाकूरहून यायचीस, मी नांदेडहून. सुई टोचताना तू सुईकडं बघायची नाहीस, माझ्याकडं बघायचीस. मग बाहेर येऊन आपण मुरमुऱ्यांचा सुशीला खायचो. ते सोमवार मला सणासारखे वाटायचे, हे तुला कधी सांगितलं का मी?

मग माझ्या अजिंक्यचं लग्न ठरलं. तूच आहेर बांधायचीस, तूच रुखवत मांडायचीस, म्हणून तुला महिनाभर आधी नांदेडला बोलावून घेतलं. सोमवार आला तेव्हा तू पिशवी भरून दारात उभी होतीस. मी म्हणाले, "एक महिना चुकला तर काय बिघडतंय अक्का? आता तू ठणठणीत हायस. आज साड्या आणायला जायचंय."

"सिस्टर चुकवू नका म्हणाल्या होत्या गं."

"त्या म्हणणारच."

तू पिशवी खाली ठेवलीस. का ऐकलंस माझं? शाळेतल्या पोरांचं एक गणित चुकलं तर दहादा सोडवून घेणारी तू, माझ्यापुढं एवढी गरीब का झालीस?

लग्नाला आठ दिवस असताना तुला पहिल्यांदा थंडी वाजली. मी तापाची गोळी दिली, अंगावर गोधडी टाकली. घाम आला, ताप उतरला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. "मनीषाला सांगू नको, लेक घाबरंल," तू म्हणालीस. मला तेच हवं होतं. दवाखाना सुरू झाला की लग्नघर विस्कटेल, असं माझ्या मनात आलं होतं. हे मी आजपर्यंत कुणाकडं कबूल केलं नाही.

लग्न झालं, तू चाकूरला गेलीस आणि चौथ्या दिवशी मनीषानं तुला बेशुद्धीच्या काठावर लातूरच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. मी धावत आले. तुला थोडी शुद्ध होती. डॉक्टरांनी विचारलं, "ताप कधीपासून? हा पोर्ट नियमित धुतला जातो का?"

मनीषा माझ्या शेजारी उभी होती, अक्का. तिच्यासमोर खरं सांगायला माझी जीभ वळेना. मी म्हणाले, "ताप कालपासूनच आहे. पोर्ट दर महिन्याला धुतात."

ऑक्सिजनच्या मास्कच्या वरून तू माझ्याकडं बघितलंस. मग डोळे मिटून घेतलेस. मला वाचवायला मिटलेस, की माझं तोंड बघवेना म्हणून?

त्यांनी छातीचा फोटो काढला, न्यूमोनियाची औषधं सुरू केली. दोन दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला, तेव्हा कळलं की जंतू पोर्टमध्येच बसलेत. घाईनं तो काढला. तोवर ते सगळ्या अंगात भिनले होते. पाचव्या दिवशी तू गेलीस. खरं बोलले असते तर ते दोन दिवस वाचले असते का? वाचली असतीस का तू? हे कुणाला विचारू? विचारायला गेले तर उत्तर ऐकायची छाती नाही, आणि न विचारता जगता येत नाही.

तुझी दवाखान्याची पुस्तिका माझ्याच कपाटात राहिली होती. त्यात लिहिलंय, ताप किंवा थंडी आली तर त्याच दिवशी या. त्याखाली तू लाल पेनानं दोन रेघा ओढल्यास. तुला सगळं ठाऊक होतं की गं.

मनीषा तिथं लातूरला बँकेत कामाला जाईना झालीय. घास तोंडाशी नेते आणि खाली ठेवते. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, मी कसली लेक? आईला ताप होता आन् मला कळलंच न्हाई. माझ्यामुळंच गेली." मी तिला गप्प केलं, धीर दिला. आणि खरं पुन्हा गिळलं.

आता गिळवत नाही. रविवारी पहिल्या गाडीनं लातूरला जाते. मनीषासमोर बसून सांगते की ताप बारा दिवसांचा होता, मला ठाऊक होता, आणि डॉक्टरांशी मी खोटं बोलले. ती मला घराबाहेर काढेल. काढू दे. पुन्हा कधी मावशी म्हणणार नाही, त्याचीही मनाची तयारी करतेय, पण होत नाही. तरी जाते, अक्का. तुझ्या लेकीच्या माथ्यावर माझा दोष राहू देणार नाही, एवढा शब्द देते.

तुझी,
सुमी