पिशवीसकट मुक्काम

३ डिसेंबर, बुधवार
ट्रेकला नाव दिलं. रामटेकच्या पुढं जंगलात तलावाकाठी दोन दिवसांचा मुक्काम, शनिवारी डोंगर. ऑफिसातली माया येणार म्हणून हिंमत केली. ऑपरेशनला चौदा महिने झाले. आतड्याचा कॅन्सर गेला, पोटावर ही पिशवी कायमची राहिली. संडास तिच्यातच. मायाला ऑपरेशन माहीत आहे, पिशवी नाही.
यांना जेवताना सांगितलं. घास हातातच. "वेडी झाली काय वं? पिशवी बदलाले घरी नळ असून तुले तास लागते. तिथं काय करशील?"
उत्तर शोधायचं.

७ डिसेंबर, रविवार
तालीम. गच्चीवर टाकीच्या आडोशाला, एक लिटर पाण्यात सगळं. जुनी काढायची, कातडी धुवायची, पूर्ण कोरडी करायची, नवी चिकटवायची. अर्धं पाणी सांडलं. चाळीस मिनिटं. पाठ गेली.
हे जिन्यात उभे होते, कोणी वर येऊ नये म्हणून.

१० डिसेंबर
पुन्हा गच्ची. अठरा मिनिटं!
दवाखान्यातल्या सिस्टरला फोन केला. "पाणी उकळलेलंच प्या, ओआरएस जवळ ठेवा. तुमच्या अंगातलं पाणी लवकर जातं. आणि ओल्या कातडीवर चिकटवायची घाई नको."

१२ डिसेंबर, शुक्रवार, तलावाकाठी
ट्रेकची पुढारी अनघा. सव्वीसची असेल, आवाज खणखणीत. उतरल्या उतरल्या सगळ्यांना ओळीत उभं केलं. संडासला तलावापासून शंभर पावलं लांब, वीतभर खड्डा, वरून माती. तलावात साबण नाही. हात धुतल्याशिवाय ताटाला हात नाही. काही जण हसले. मी एकेक शब्द ऐकला.
संध्याकाळी खड्डा खणला, पिशवी रिकामी केली, माती लोटली, हात धुतले. कोणाला काही कळलं नाही.

१३ डिसेंबर
चढणीवर घामच घाम. सॅकचा पट्टा नेमका पिशवी पोटाला चिकटते त्या चकतीवर घासत होता. अर्ध्या वाटेत पोटाला ओलं लागलं. मग वास.
अनघा वरून ओरडली, "मावशी, मागं काहून राहून गेल्या?"
जमिनीत जावंसं वाटलं. मायाला सांगितलं, तिच्याकडे न बघता. दोन वाक्यं. ती म्हणाली, "आधी सांगाचं तं होतं वं. चाल, त्या झाडामागं. मी ओढणी धरून राहते."
कातडी कोरडी होईना, पुसली की पुन्हा घाम. तशीच चिकटवून टाकावीशी वाटली. नाही. थांबले. मायाने टोपीनं वारा घातला, तोंड दुसरीकडे करून. किती वेळ कोण जाणे. मग बसली नीट.
मळलेली कागदात, कागद बंद थैलीत, थैली सॅकमध्ये. जंगलात टाकली नाही. ओआरएस प्यायले.
"खाली जाऊ?" माया.
"वर."
सर्वांत शेवटी पोचलो. पण पोचलो.

१४ डिसेंबर, घरी
परतीच्या गाडीत दोघांची पोटं बिघडली, तलावाचं पाणी तसंच प्यायले होते. मी ठीक.
हे म्हणाले, "दाखव." चकतीखाली कातडी लाल झाली आहे. त्यांनी पावडर लावून दिली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा तिथं हात लावला. मी भिंतीकडे बघत राहिले.

२२ डिसेंबर, सोमवार
फेब्रुवारीत सातपुड्याचा ट्रेक, पाच दिवस. अर्जात 'आजार / ऑपरेशन' असा रकाना. हे म्हणाले, "लिहू नको, घेणार नाहीत." सगळं लिहिलं. पुन्हा लपवून जायचं नाही. एक ओढणी पाच दिवस पुरत नाही.
अनघाचा निरोप आला, "मावशी, बाकीच्यांशी बोलून सांगते."

२७ डिसेंबर
निरोप नाही. मायाने दोनदा विचारलं.
सकाळी सेमिनरी हिल्सच्या टेकडीवर भरलेल्या सॅकसकट दोन फेऱ्या. पट्ट्याला आतून फोम शिवला आहे, चकती हलली नाही. उतरताना गुडघा बोलला, बोलू दे.
चहा घेताना हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "पाच दिवसाले पिशव्या किती लागतील?"
"रोज एक धरली तरी पाच. दहा सांगून या."
चप्पल घालून गेले दुकानात. मी अनघाच्या निरोपासाठी फोन समोर ठेवून बसले आहे.